तारीख कोणासाठी लिहायची?

०३/०४/२०२४ ही तारीख कोणती, असे आठवीच्या वर्गात विचारले तर सगळी मुले '३ एप्रिल' असे उत्तर देतील. हाच प्रश्न अमेरिकेतील एखाद्या शाळेत विचारला तर '४ मार्च' असे उत्तर येईल. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. जपानमध्ये तर वर्ष आधी, मग महिना आणि शेवटी दिवस लिहिण्याची रीत आहे. तारीख लिहिण्याची पद्धत हा निसर्गनियम नाही, तो संकेत आहे. माणसाला हा संकेत आजूबाजूच्या समाजातून नकळत मिळतो. संगणकाला मात्र तो कोणीतरी सांगावा लागतो. तो कोण सांगते, कोठून सांगते, आणि सांगणाऱ्याने आपले म्हणणे मध्येच बदलले तर काय घडते, याचा विचार या लेखात करायचा आहे.

त्यासाठी उदाहरण घेऊ या जावा या संगणकभाषेचे. १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने ती जाहीर केली आणि २०१० मध्ये ती ओरॅकलकडे गेली. बँका, विमा कंपन्या, सरकारी कार्यालये अशा ठिकाणच्या असंख्य आज्ञावल्या या भाषेत लिहिलेल्या आहेत. २१ सप्टेंबर २०१७ रोजी जावाची नववी आवृत्ती आली. तिच्यात तारखा कशा लिहायच्या याची माहिती घेण्याचा मूळ स्रोतच बदलण्यात आला होता. आज्ञावलीतील एकही अक्षर न बदलता तिने लिहिलेल्या तारखा बदलल्या. काही ठिकाणी नुसता एक स्वल्पविराम वाढला, तर काही ठिकाणी कामच थांबले. हा बदल योग्य होता का, तो योग्य रीतीने झाला का, आणि संगणक शिकवणाऱ्यांनी यातून काय घ्यावे, असे तीन प्रश्न यातून उभे राहतात.

तारखेची दोन रूपे

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. जावाच्या पोटात तारीख-वेळ ही 'तारखे'सारखी नसतेच. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, ग्रिनिचच्या वेळेनुसार, किती सहस्रांश सेकंद उलटले याची ती एक मोठी संख्या असते. या संख्येला देश नसतो, भाषा नसते. ती पडद्यावर किंवा कागदावर दाखवण्याची वेळ येते तेव्हाच तिला दिवस, महिना, वर्ष असे रूप दिले जाते. या क्रियेला आपण 'लेखन' म्हणू. उलट, कोणी लिहून दिलेल्या तारखेवरून मूळ संख्या शोधून काढणे हे 'वाचन'.

लेखन करताना संगणकाला दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात, भाषा कोणती आणि प्रदेश कोणता. भाषा एकच असली तरी प्रदेशानुसार रीत बदलते. ब्रिटनची इंग्रजी तारीख आणि अमेरिकेची इंग्रजी तारीख ही त्याची ठळक उदाहरणे. भाषा आणि प्रदेश यांच्या या जोडीला 'लोकेल' असे नाव आहे. जावात आज्ञावलीकाराने नुसते सांगावे, 'मला या लोकेलमधील मध्यम लांबीची तारीख दे', की बाकीचे तपशील जावा स्वतः भरते. लांबीचे प्रकार चार : आखूड, मध्यम, लांब आणि पूर्ण. लोकेल सांगितलेच नाही, तर ज्या संगणकावर आज्ञावली चालू आहे त्याचे लोकेल गृहीत धरले जाते. हे 'गृहीत' पुढे महत्त्वाचे ठरणार आहे.

जुनी वही आणि नवा कोश

जावा हे तपशील आणते कोठून? आठव्या आवृत्तीपर्यंत ते तिच्या स्वतःच्या वहीतून येत असत. या वहीचा पाया १९९६-९७ च्या सुमारास, टॅलिजंट या कंपनीकडून घेतलेल्या कामावर घातला गेला होता. वहीत भाषा मोजक्याच होत्या. भारतीय भाषांपैकी तीत हिंदी होती, मराठी नव्हती. मराठी लोकेल मागितले की जावा निमूटपणे मूळच्या इंग्रजी वळणावर जाई. शिवाय प्रत्येक संगणकप्रणालीची आणि प्रत्येक भाषेची वही वेगळी. एकाच जर्मन तारखेची वेगवेगळ्या यंत्रांवर वेगवेगळी रूपे दिसत.

हा गोंधळ मिटवण्यासाठी एक सामाईक कोश तयार करण्याचे काम सुरू झाले. त्याचे नाव कॉमन लोकेल डेटा रिपॉझिटरी, संक्षेपाने सीएलडीआर. त्याची पहिली आवृत्ती २००४ च्या आरंभी निघाली आणि त्याच वर्षी तो युनिकोड कन्सॉर्शियमकडे आला. जगातील लिपींना संकेतांक देणारी संस्था ती हीच. महिन्यांची व वारांची नावे, त्यांची लघुरूपे, अंकांची चिन्हे, स्वल्पविरामांच्या जागा, चलनांची नावे असा सगळा मजकूर भाषावार या कोशात असतो. त्या त्या भाषेचे जाणकार सूचना करतात, मते देतात आणि त्यावरून नोंदी ठरतात. साधारणपणे वर्षातून दोन वेळा, वसंतात आणि शरदात, नवी आवृत्ती निघते.

जावाने २०१४ मध्ये, आठव्या आवृत्तीत, हा कोश शेजारी आणून ठेवला होता. पण आज्ञावलीकाराने मुद्दाम मागितला तरच तो उघडला जाई. नवव्या आवृत्तीत उलट झाले. सुधारणा प्रस्ताव क्रमांक २५२ नुसार कोश हा पहिला आधार झाला आणि जुनी वही मागे गेली. ती हवी असल्यास मुद्दाम मागावी लागू लागली.

नेमके काय बदलले?

ब्रिटिश इंग्रजीतील मध्यम तारीख घ्या. जुन्या वहीप्रमाणे दिवस, महिना आणि वर्ष यांच्यामध्ये आडव्या रेघा असत : १५-ऑग-२०१७. कोशाप्रमाणे रेघा गेल्या आणि मोकळ्या जागा आल्या. आखूड तारखेत पूर्वी वर्षाचे दोनच अंक असत, ते चार झाले. जर्मन भाषेत मार्च महिन्याचे तीन अक्षरी लघुरूप जाऊन पूर्ण नाव आले, आणि इतर बहुतेक महिन्यांच्या लघुरूपांपुढे टिंब आले. अमेरिकी इंग्रजीत तारीख आणि वेळ एकत्र लिहिताना वर्षानंतर एक स्वल्पविराम वाढला.

वाचकाला या बदलांचा त्रास नाही. उलट अनेक ठिकाणी नवे रूप अधिक चांगले आहे. त्रास झाला तो तारीख 'वाचणाऱ्या' आज्ञावल्यांना. गुगलच्या जीसॉन या सॉफ्टवेअर-संचाचे उदाहरण बोलके आहे. दोन संगणकांनी परस्परांना माहिती पाठवावी, ती जावाच्या वस्तूंतून मजकुरात आणि मजकुरातून परत वस्तूंत बदलावी, हे त्याचे काम. काही वेगळे न सांगितल्यास तो तारखा अमेरिकी इंग्रजी वळणाने लिहीत असे. पाठवणारा जावा ८ वर आणि घेणारा जावा ९ वर असला, की एक बाजू स्वल्पविराम न देता लिही आणि दुसरी बाजू स्वल्पविरामाची वाट पाही. अखेर जीसॉनच्या कर्त्यांना 'जावा ९ पूर्वीचे रूप' जपणारी वेगळी सोय आपल्या आज्ञावलीत घालावी लागली. एका विरामचिन्हासाठी हे करावे लागले.

पुढचे उदाहरण अधिक मजेदार आणि अधिक धोक्याचे आहे. २०२० च्या शरदात निघालेल्या कोशाच्या ३८ व्या आवृत्तीत ब्रिटिश इंग्रजीतील सप्टेंबरचे लघुरूप बदलले. पूर्वीचे 'सेप' हे इंग्रजी लिपीत तीन अक्षरी होते, त्याचे चार अक्षरी 'सेप्ट' झाले. मार्च २०२१ मधील जावा १६ ने ही आवृत्ती स्वीकारली. बाकीचे अकरा महिने होते तसेच राहिले. याचा अर्थ असा की, तीन अक्षरी महिना गृहीत धरणारी एखादी आज्ञावली एप्रिलमध्ये नव्या जावावर नेली, मेमध्ये तपासली, ऑगस्टपर्यंत वापरली, तरी कोठे काही बिघडलेले दिसणार नाही. १ सप्टेंबरला मात्र ती अडेल, आणि १ ऑक्टोबरला जणू काही झालेच नाही अशी पुन्हा चालू लागेल. चूक शोधणाऱ्याला याहून फसवे कोडे क्वचितच मिळेल.

तिसरे उदाहरण डोळ्यांना दिसतच नाही. २०२२ च्या शरदातील ४२ व्या आवृत्तीत इंग्रजी वेळेतील अंक आणि 'एएम-पीएम' यांच्यामधली जागा बदलली. तेथे साध्या मोकळ्या जागेऐवजी 'अरुंद, न तुटणारी जागा' हे वेगळे चिन्ह आले. ओळ संपताना 'साडेदहा' एका ओळीत आणि 'एएम' दुसऱ्या ओळीत जाऊ नये, हा हेतू. हे चिन्ह युनिकोडमध्ये १९९९ पासून आहे, मंगोलियन लेखनासाठी ते घेतले गेले होते. छापील कागदावर दोन्ही जागा जवळजवळ सारख्याच दिसतात. पण संगणकाच्या सर्वसाधारण साठवणीत साधी जागा एका बाइटची, तर ही तीन बाइटची. मार्च २०२३ मधील जावा २० ने हा बदल जसाच्या तसा घेतला आणि साध्या जागेची अपेक्षा करणाऱ्या आज्ञावल्या अडखळल्या. हाच कोश वापरणाऱ्या ब्राउझरांवरही ही वेळ आली. संकेतस्थळे बिघडू लागताच त्यांनी २०२३ च्या आरंभी आपल्यापुरती साधी जागा परत आणली.

ब्राउझरची ही गोष्ट आणखी एका कारणाने लक्षात ठेवावी. जावाची आवृत्ती केव्हा बदलायची हे निदान आज्ञावलीकाराच्या हातात असते. ब्राउझर मात्र वाचकाच्या संगणकावर रातोरात स्वतःहून बदलतो.

परीक्षण : बाजूने

आता निवाड्याकडे वळू. सामाईक कोश स्वीकारण्याचा निर्णय माझ्या मते निःसंशय योग्य होता. वीस वर्षांपूर्वीच्या वहीला भाषा म्हणून चिकटून राहण्यात अर्थ नसतो. शब्दकोशाची नवी आवृत्ती निघाली म्हणून कोणी तक्रार करीत नाही. भाषा बदलते, लेखनरीत बदलते, आधीच्या चुका ध्यानात येतात. मराठीपुरते बोलायचे तर या निर्णयामुळेच जावात मराठी महिने आणि मराठी वार काही न मागता मिळू लागले. ज्या भाषांना जुन्या वहीत पानच नव्हते, त्यांच्यासाठी हा बदल म्हणजे मोडतोड नव्हे, प्रवेश होता. 'बदल नको होता' असे म्हणणाऱ्यांनी ही बाजू क्वचितच मांडलेली दिसते.

पूर्वसूचनेच्या बाबतीतही जावाकारांना दोष देता येत नाही. प्रस्तावात हा बदल लपवलेला नव्हता. जुन्या वहीकडे परत जाण्याची कळ उपलब्ध होती. सप्टेंबर २०२३ च्या जावा २१ मध्ये ती कळ वापरणाऱ्यांना इशारा मिळू लागला आणि सप्टेंबर २०२४ च्या जावा २३ मध्ये वही काढून टाकली. म्हणजे सात वर्षांची मुदत मिळाली. पण अशा मुदतीचे जे होते ते येथेही झाले. अनेकांनी कळ दाबली आणि विषय संपला असे मानले. पाय बरा होईपर्यंत दिलेली कुबडी कायमची होऊन बसली, आणि ती काढून घेतल्यावर पुन्हा तीच अडचण समोर आली.

परीक्षण : विरोधात

मग दोष कोठे आहे? माझ्या मते तो तीन ठिकाणी आहे.

पहिला दोष जावाच्या जुन्या रचनेत आहे. तारीख लिहिणारे साधन आणि तारीख वाचणारे साधन तिने एकच ठेवले. लेखन आणि वाचन एकमेकांचे आरसे आहेत असे त्यामुळे वाटते, पण ते तसे नाहीत. लिहिताना कोशाने सुचवलेले एक चांगले रूप पुरेसे असते. वाचताना मात्र लोकांनी, इतर यंत्रांनी आणि जुन्या आवृत्त्यांनी लिहिलेली सगळी रूपे समोर येऊ शकतात. त्यात भर म्हणजे लोकेल न सांगण्याची मुभा. शिकाऊ विद्यार्थी जे सर्वांत आखूड वाक्य लिहितो, तेच सर्वांत जास्त गोष्टी गृहीत धरणारे असते. सोपे ते सुरक्षित असावे, ही चांगल्या साधनाची कसोटी येथे उतरत नाही.

न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की जावा ८ मध्येच तारखांसाठी नवा साधनसंच आला होता. त्यातील तारखेला 'तू मजकूर हो' असे सांगितले की ती कोणत्याही लोकेलमध्ये वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने आणि ठरलेल्या अंकांतच उमटते. औषध फडताळात होते. पण जुनी पाठ्यपुस्तके आणि त्यांतील उदाहरणे जुनेच साधन शिकवत राहिली.

दुसरा दोष कोशाकडे जातो. कोशकारांची भूमिका अशी की, हा मजकूर माणसांनी वाचण्यासाठी आहे, यंत्रांनी त्यावर विसंबू नये. तत्त्व म्हणून हे पटते. परंतु ज्या कोशाचा वापर जगभरच्या संगणकांवर होतो, त्याने प्रत्येक बदलाचा लाभ आणि त्याची किंमत एकाच तराजूत घालायला हवी. मराठीला प्रथमच महिने मिळणे आणि इंग्रजी वेळेत एक अरुंद जागा येणे, या दोन्ही सुधारणाच. पण पहिलीचा लाभ मोठा आहे. दुसरीचा लाभ ओळीच्या शेवटी, कधीतरी दिसणारा, आणि तिची किंमत मात्र असंख्य चालत्या आज्ञावल्यांनी मोजली. ब्राउझरांनी माघार घेतली तोच खरा निवाडा होता. जावा २३ ने पुढे वाचनाच्या सैल पद्धतीत निरनिराळ्या मोकळ्या जागा एकच मानण्याची सोय केली. हेच शहाणपण आधी आले असते तर बरे झाले असते.

तिसरा दोष आज्ञावलीकारांचा, आणि म्हणून त्यांना शिकवणाऱ्यांचाही आहे. वाचकासाठी लिहिलेला मजकूर त्यांनी यंत्राच्या हिशेबासाठी वापरला. तारखेच्या मजकुरातून पहिली दोन अक्षरे कापून घेऊन 'हा दिवस' असे मानणे, दोन तारखा मजकूर म्हणून ताडून पाहणे, पडद्यावरची तारीख परत वाचून माहितीसाठ्यात टाकणे, हे प्रकार सर्रास चालतात. आवृत्ती बदलली तेव्हा ही चूक घडली नाही. ती आधीच होती, आवृत्तीने फक्त उघडी केली.

मराठी तारखेचे काय होणार?

आपल्या दृष्टीने यात एक वेगळीच गोष्ट पणाला लागली आहे. कोशात मराठीसाठी देवनागरी अंक हे मूळ अंक धरलेले आहेत. हिंदीसाठी मात्र आंतरराष्ट्रीय अंक धरलेले आहेत. लिपी एक, पण अंक दोन. भारतीय संविधानाच्या ३४३ व्या अनुच्छेदात संघाच्या कामकाजासाठी हिंदी भाषा व देवनागरी लिपी सांगताना अंक मात्र आंतरराष्ट्रीय रूपातील सांगितले आहेत, हे येथे आठवावे. गंमत अशी की जावाच्या जुन्या वहीत हिंदीला देवनागरी अंक होते. म्हणजे नवी आवृत्ती घेताच हिंदी तारखेतील अंक बदलले, तर मराठीला देवनागरी अंक प्रथमच मिळाले.

याचे परिणाम वर्गात दाखवण्याजोगे आहेत. जावाचे जुने साधन मराठी लोकेलमध्ये तारीख लिहिताना अंकही देवनागरी काढते. नवे साधन महिन्याचे नाव मराठीत देते, पण वेगळे सांगितल्याशिवाय अंक आंतरराष्ट्रीयच ठेवते. वाचनात याहून विचित्र प्रकार आहे. '२०२४' हा देवनागरी मजकूर संख्या म्हणून जावा बिनतक्रार वाचते. तेच अंक तारखेत आले की नवे साधन ती तारीख नाकारते. क्रमवारीतही अडचण येते. युनिकोडमध्ये इंग्रजी मजकुरातील शून्याचा संकेतांक ४८, तर देवनागरी शून्याचा २४०६. त्यामुळे एकाच यादीत दोन्ही प्रकारचे अंक मिसळले तर देवनागरीतील सगळ्या तारखा, त्या कोणत्याही वर्षाच्या असोत, शेवटी जाऊन बसतात.

अशी अडचण एकदा आली की त्यावर एक झटपट उपाय सुचवला जातो : सगळीकडे अमेरिकी इंग्रजी लोकेल ठोकून बसवा. यंत्रांच्या आपसातील व्यवहारापुरता हा उपाय निरुपद्रवी वाटतो. पण तोच पडद्यावरही लागू केला जातो, आणि मग मराठी माणसाला मराठी पानावर इंग्रजी महिना दिसतो, कधी महिना आधी आणि दिवस नंतर अशीही तारीख दिसते. बदलाच्या भीतीने भाषेलाच बाहेर काढण्याचा हा प्रकार आहे. लेखाचा मुख्य आक्षेप आहे तो याच उपायावर. रोग असतो वाचक आणि यंत्र यांची गल्लत करण्याचा. औषध दिले जाते ते वाचकाचा हक्क काढून घेण्याचे.

कोशातील मराठी नोंदी निर्दोष आहेत असेही नाही. लांब तारखेत महिन्यानंतर स्वल्पविराम देण्याची रीत कोशाच्या अनेक आवृत्त्यांत दिसते : '१५ ऑगस्ट, २०२४'. मराठी छापील मजकुरात आपण बहुधा '१५ ऑगस्ट २०२४' असे लिहितो. महिन्यांची 'ऑग', 'सप्टें', 'नोव्हें' ही लघुरूपे कितपत रुळलेली आहेत, यावरही चर्चा होऊ शकते. ती व्हायला हवी, आणि ती भाषाशिक्षकांनी करायला हवी. कोशात मत नोंदवण्याची व्यवस्था आहे. मात्र उद्या हा स्वल्पविराम निघाला तर कोणाचीही आज्ञावली कोसळता कामा नये. भाषेच्या दुरुस्तीला यंत्राची आडकाठी होऊ नये, यासाठीच पुढचा नियम आवश्यक आहे.

नियम आणि एक प्रयोग

नियम साधा आहे. यंत्रासाठी लिहिलेली तारीख आणि माणसासाठी लिहिलेली तारीख वेगवेगळ्या ठेवाव्यात, आणि माणसासाठी लिहिलेली तारीख यंत्राने कधीही परत वाचू नये.

यंत्रासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ८६०१. ते १९८८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. त्यात चार अंकी वर्ष, दोन अंकी महिना, दोन अंकी दिवस असा क्रम असतो : २०२४-०८-१५. यात महिन्याचे नाव नाही, म्हणून भाषेचा प्रश्न नाही. क्रम ठरलेला, म्हणून देशाचा प्रश्न नाही. अंकही ठरलेले, आंतरराष्ट्रीयच. शिवाय आणखी एक लाभ मिळतो. अशा तारखा नुसत्या अक्षरक्रमाने लावल्या तरी कालक्रमाने लागतात. दिवस आधी लिहिण्याच्या आपल्या पद्धतीत ०२/१२/२०२४ ही तारीख १५/०१/२०२४ च्या आधी येऊन बसते, हे फळ्यावर लिहून दाखवल्यास मुलांच्या चटकन ध्यानात येईल.

माणसाकडून तारीख घ्यायची असेल तर दिवस, महिना, वर्ष यांसाठी वेगळ्या चौकटी द्याव्यात किंवा दिनदर्शिका दाखवून निवडायला सांगावे. एखाद्या दाखल्यावर किंवा अर्जावर तारखेचे ठरावीक रूपच हवे असेल तर ते रूप, महिन्यांच्या नावांसकट, आज्ञावलीत स्वतः लिहून ठेवावे, कोशावर सोडू नये. उरलेल्या सर्व ठिकाणी, जेथे वाचक केवळ वाचणार आहे तेथे, कोशाला खुशाल त्याचे काम करू द्यावे.

आपल्या शाळा या नियमाला अगदी परक्या नाहीत. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख अंकी आणि अक्षरी अशी दोनदा लिहिण्याची पद्धत जुनी आहे. अंक पुसट झाला किंवा त्यात खाडाखोड झाली तर अक्षरांनी सांभाळून घ्यावे, हा हेतू. एकच तारीख, दोन रूपे, आणि प्रत्येक रूपाचे काम वेगळे, ही कल्पना मुलांना दाखल्यावरून समजावता येते. मग संगणकातील दोन रूपांची गरज वेगळी पटवून द्यावी लागत नाही.

ज्या शाळांत संगणक आहे तेथे एक प्रयोग अवश्य करून पाहावा. ब्राउझरमधील जावास्क्रिप्टला एकच तारीख मराठी, हिंदी, ब्रिटिश इंग्रजी, अमेरिकी इंग्रजी आणि जर्मन अशा पाच लोकेलमध्ये लिहायला सांगावे. मग बाराही महिन्यांतील एकेक तारीख, एक अंकी व दोन अंकी दिवस, दुपारपूर्वीची व नंतरची वेळ, असे सर्व प्रकार घेऊन तक्ता करावा. जावा उपलब्ध असेल तर जुन्या व नव्या आवृत्तीवर हाच तक्ता काढून शेजारी ठेवावा आणि फरकांखाली रेघ ओढायला सांगावे. जी रेघ डोळ्यांनी ओढता येत नाही, ती अरुंद जागा, शोधण्यासाठी प्रत्येक अक्षराचा संकेतांक छापून घ्यावा. दिसते तेवढेच असते असे नाही, हा विज्ञानातील जुना धडा येथे एका मोकळ्या जागेतून मिळतो. आज्ञावली नव्या आवृत्तीवर नेण्यापूर्वी व्यावसायिकांनीही असाच तक्ता करावा. त्यात सप्टेंबर विसरू नये.

कोशाची पुढची आवृत्ती येईल, त्यानंतरचीही येईल. त्यांत काही नोंदी सुधारतील, काही कदाचित बिघडतीलही. त्यावर वाद घालणे हे भाषा जाणणाऱ्यांचे काम आहे. तो वाद मोकळेपणाने घालता यावा, इतकी आपली आज्ञावली स्वतंत्र ठेवणे हे आज्ञावली लिहिणाऱ्याचे काम आहे. म्हणून तारीख लिहिण्याआधी ती कोणासाठी लिहायची हे विचारण्याची सवय मुलांना पहिल्याच धड्यापासून लावावी.